उभ्या गाडीवरून पडणं हाही कामावरचा अपघातच

प्रश्न : ताई, आम्ही निलमनगरात पत्र्याच्या दोन खोल्यांत राहतो. माझे मिस्टर अकरा वर्षं एकाच शेठकडे ट्रक चालवतात. वय चाळीस. शेठच्या चार गाड्या आहेत. पगार महिना सोळा हजार, वर फेरीचा भत्ता. १४ ऑगस्ट २०२५ च्या संध्याकाळी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या गाठी भरून झाल्यावर हे ताडपत्री बांधायला वर चढले. क्लीनर सुटीवर होता. पावसाची बुरबुर चालू होती. आवळताना दोर तुटला आणि हे मागच्या मागे खाली आले. डाव्या टाचेच्या हाडाचे तुकडे झाले, कंबरेच्या मणक्यालाही मार लागला. ऑपरेशन झालं, एक लाख चाळीस हजार खर्च आला. शेठने औषधाला म्हणून वीस हजार पाठवले. दवाखान्यात शेठचा मुनीम आला होता. तो म्हणाला, "घरी जिन्यावरून पडलो म्हणा, नाहीतर पोलिसांचं लचांड मागे लागेल." कागदावर तसंच आलं. आता शेठ म्हणतात, "गाडी चालवताना ठोकर झाली असती तर इन्शुरन्स मिळाला असता. हा उभ्या गाडीवरून स्वतःच्या चुकीनं पडला." पन्नास हजार देतो, स्टँपपेपरवर सही करा, असं त्यांचं म्हणणं. मी विड्या वळते, तेवढ्यावर घर चालत नाही. हे कुणाशी बोलतच नाहीत. पुढच्या महिन्यापासून गाडीवर जातो म्हणतात. सही करू द्यावी का?
(नाव न छापण्याची विनंती, सोलापूर)

ताई, आधी सहीचं सांगते. सही करू देऊ नका. स्टँपपेपर घरात आणून ठेवला असेल तर कोरा आहे तसा परत पाठवा.

आणि समजा तुमच्या नकळत त्यांनी सही केलीच असेल, तर रात्रभर जागू नका. कामावर झालेल्या इजेच्या भरपाईवर पाणी सोडायला लावणारा करार कायदा मानतच नाही. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचं सतरावं कलम त्याच्यासाठीच आहे. मालक आणि कामगार यांच्यात तडजोड होऊ शकते, पण ती नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते आणि रक्कम अपुरी दिसली तर ते नोंदणी नाकारू शकतात. शेठच्या ओट्यावर दोन साक्षीदारांसमोर झालेली तडजोड या हिशेबात बसत नाही. तरीही सही नकोच, कारण तो कागद पुढे न्यायालयात पुढे केला जातो आणि तुमचे सहा महिने त्याला उत्तर देण्यात जातात.

आता शेठच्या मुख्य मुद्द्याकडे येते. हाच मुद्दा मी गेली वीस वर्षं कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात ऐकत आले आहे. "गाडी उभी होती." जणू गाडीची चाकं थांबली की ड्रायव्हरचं कामही थांबतं!

तुमचे मिस्टर त्या गाठींच्या थप्पीवर हवा खायला चढले नव्हते. भिजलेला माल पोचला असता तर शेठनं नुकसान कुणाच्या पगारातून कापलं असतं? त्यांच्याच ना? म्हणजे ताडपत्री बांधणं हे त्यांचं काम होतं. कायदा एवढंच विचारतो की इजा कामातून आणि कामाच्या ओघात झाली का. स्टिअरिंग हातात होतं का, हे तो विचारत नाही. हवा तपासायला वाकणं, फाळका (ट्रकची उघडणारी फळी) पाडणं, काच पुसायला बंपरवर चढणं, केबिनमधून शंभर वेळा चढणं-उतरणं, हे सगळं ड्रायव्हरच्या कामात येतं. याच कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहनावरचा ड्रायव्हर, हेल्पर, मेकॅनिक, क्लीनर अशी नावं घेऊन माणसं मोजलेली आहेत.

दुसरा मुद्दा 'स्वतःच्या चुकीनं'. ताई, या कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, आणि कामगाराची साधी चूक आड येत नाही. पाय घसरला, अंदाज चुकला, घाई केली, तरी हक्क जात नाही. हक्क जातो तो मोजक्या कारणांनी: दारू किंवा नशेच्या अमलाखाली असताना इजा झाली, सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम मुद्दाम मोडला, किंवा बसवलेलं सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकलं. तेही इजेमुळे मृत्यू आला किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर आड येत नाही. तुमच्या शेठनं सुरक्षेचं असं कोणतं साधन दिलं होतं, जे मिस्टरांनी काढून टाकलं? कुजका दोर?

तो दोर मला सारखा डोळ्यांसमोर येतोय. ट्रकवर कधी न चढलेल्या वाचकांसाठी सांगते. गाठी फळ्यांच्या वर चार-पाच थर जातात. पावसाळ्यात त्यांना प्लॅस्टिक गुंडाळलेलं असतं, त्यावर ओली ताडपत्री. त्या निसरड्या ढिगावर उभं राहून माणूस दोर खाली हुकात अडकवून वर खेचतो, आणि दोर ताठ व्हावा म्हणून अंगाचा सगळा भार मागे टाकतो. मागे म्हणजे कडेकडे. दोर टिकला तर ताडपत्री बसते. तुटला तर त्या भाराला धरायला जगात काही उरत नाही. नायलॉनचा दोर उन्हानं मरतो. वरून धडधाकट दिसतो, हाताला मात्र खरखरीत लागतो आणि त्यातून पांढरी भुकटी निघते. सोलापूरच्या उन्हात दोन उन्हाळे गाडीच्या टपावर पडलेला दोर कसा असेल, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

भरलेल्या गाडीचा माथा जमिनीपासून तीन-साडेतीन मीटर असतो. तीन मीटरवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदात खाली येतो आणि जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी २७-२८ किलोमीटर असतो. सावरायला वेळच नसतो. पाय खाली आले तर सगळा मार टाचेवर. टाचेचं हाड आतून जाळीदार असतं, ते अंड्याच्या कवचासारखं चेचतं, आणि तोच धक्का नडगी, मांडी करत कंबरेच्या मणक्यापर्यंत जातो. म्हणून उंचावरून पडून टाच मोडलेला रुग्ण आला की हाडांचे डॉक्टर न सांगता कंबरेचाही फोटो काढतात.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिलं, कारण तुमच्या कागदातली सगळ्यात मोठी अडचण इथूनच सुटणार आहे. दवाखान्याच्या केस पेपरवर 'जिन्यावरून पडून' असं आहे. विमा कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला त्यावर बोट ठेवणार. घाबरू नका, आणि कुणाच्या ओळखीनं त्या कागदात खाडाखोडही करून घेऊ नका. त्यानं खरं प्रकरण खोटं दिसायला लागतं. तुम्ही जे झालं तेच शपथेवर सांगायचं: मुनीम होता, त्यानं असं सांगा म्हटलं, आम्ही घाबरलो. आणि मग साधा प्रश्न, ताई. तुमच्या पत्र्याच्या दोन खोल्यांना जिना आहे कुठे?

घरपट्टीची पावती काढा. घराचे चारही बाजूंनी फोटो काढा. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना भेटा आणि नम्रपणे विचारा की टाच आणि मणका अशी जोडीनं झालेली इजा उंचावरून पडल्याची आहे का, असेल तर तेवढं मत लेखी द्याल का. बहुतेक डॉक्टर खरं लिहून द्यायला नाही म्हणत नाहीत. केस पेपरची पूर्ण प्रत मागा, नुसतं डिस्चार्ज कार्ड नको. दाखल करताना दारूचा वास नव्हता अशी नोंद त्यात बहुधा असते. ती तुमच्या फार कामाची आहे.

मग त्या दिवशीचा माग. बिल्टी, म्हणजे माल भरल्याची पावती, कुठेतरी असणारच, तिच्यावर गाडीचा नंबर आणि तारीख आहे. भरून वजन केलं असेल तर काट्याच्या पावतीवर वेळसुद्धा छापलेली असते. शेठनं वीस हजार फोनवरून पाठवले ना? ती नोंद जपून ठेवा. जिन्यावरून पडलेल्या परक्या माणसाला कुणी वीस हजार पाठवत नाही. शेठचे किंवा मुनीमाचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप असतील तर फोन बदलण्याआधी ते दुसऱ्या फोनवर घेऊन ठेवा. गाठी भरणारे हमाल खाली उभे होते. ते तुमचे सगळ्यात महत्त्वाचे साक्षीदार. त्यांच्याबद्दल शेवटी सांगते.

शेठ विम्याचं जे बोलले, ते अर्धवट आहे. ट्रकचा विमा उतरवताना ड्रायव्हरच्या कामावरच्या इजेची कायदेशीर जबाबदारी घेणं मोटार वाहन कायद्यानं विमा कंपनीला बंधनकारक आहे. पॉलिसीच्या कागदावर 'पेड ड्रायव्हर' अशी ओळ असते आणि तिच्यासमोर हप्त्याची किरकोळ रक्कम. म्हणजे पैसे शेठच्या तिजोरीतून जाणार नाहीत, कंपनीकडून येतील. 'वाहनाचा वापर' म्हणजे फक्त चालतं वाहन नव्हे, हेही फार आधी ठरलेलं आहे. १९८७ मध्ये सातारा जिल्ह्यात पुणे-बंगळूर महामार्गाकडेला एक पेट्रोलचा टँकर कलंडला होता. अपघातानंतर काही तासांनी, तो तसाच पडून असताना, त्याचा स्फोट झाला आणि माणसं गेली. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हाही वाहनाच्या वापरातूनच झालेला अपघात. तिथे टँकर चालू नव्हता, उभाही नव्हता, आडवा पडलेला होता.

शेठना हे भांडून नव्हे, बसून सांगा. त्यांच्या फायद्याचंही त्यात आहे. भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला पटण्यासारखं कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड बसू शकतो. व्याज विमा कंपनी भरते. दंड मालकाच्या खिशातून जातो. जे शेठ आज मुनीमाच्या सल्ल्यानं लपवालपवी करतात, त्यांना ही गोष्ट त्यांच्या वकिलानं सांगितली की सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे. त्यांच्याकडून पॉलिसीची प्रत मागा. नाही दिली तर परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा कंपनीचं नाव आणि मुदत पाहता येते. मिस्टरांच्या लायसनची मुदत १४ ऑगस्टला चालू होती ना, तेवढं आज कपाट उघडून बघा. कंपनी पहिलं तेच विचारते.

पैशाचा हिशेब थोडक्यात. तुमचा अपघात ऑगस्टमधला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि भरपाईचा हा विषय आता तिच्या सातव्या प्रकरणात गेला, पण त्याआधीच्या अपघाताला १९२३ चाच कायदा धरून चालायचं. त्यात महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात, मग प्रत्यक्षात तो सोळा असो की बावीस. ते कामावर जाऊ शकत नाहीत तोवर दर पंधरवड्याला पगाराचा चौथा हिस्सा, म्हणजे ३,७५० रुपये. महिन्याचे साडेसात हजार. यातला एक रुपयाही तुम्हाला अजून मिळालेला नाही. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा परत मिळतो, म्हणून औषधाच्या दुकानाची चिटोरीसुद्धा टाकू नका. आणि शेठनी उपचाराला म्हणून दिलेले वीस हजार हे भरपाईचा हप्ता नव्हेत. "आधीच दिलेत" असं म्हणून ते भरपाईतून वजा करता येत नाहीत.

पायात कायमचा दोष राहिला तर मोठी रक्कम. चाळीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसासाठी कायद्याच्या तक्त्यात १८४.१७ हा गुणक आहे. पगाराचे ६० टक्के गुणिले हा गुणक, म्हणजे १६,५७,५३० रुपये. हा कमाईची ताकद शंभर टक्के गेल्याचा आकडा. डॉक्टरांनी ती ३० टक्के गेली असं ठरवलं तर ४,९७,२५९. आता या आकड्याशेजारी शेठचे पन्नास हजार ठेवून बघा.

इथे एक बारकावा आहे, आणि याच ठिकाणी ड्रायव्हर लोक सगळ्यात जास्त फसतात. पायाचं अपंगत्व किती टक्के आणि कमाईची ताकद किती टक्के गेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाचेच्या वरचा सांधा आखडला तर दुकानात बसणाऱ्याचं फारसं बिघडत नाही. ट्रकवाल्याचा डावा पाय दिवसभर क्लचवर असतो, आणि त्याला उंच पायरी चढायची असते, खडबडीत जागेत उतरायचं असतं. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्ये सांगितलं की एका हातानं सुतारकाम होत नाही, तेव्हा त्याची कमाईची ताकद शंभर टक्के गेली. तुमच्या डॉक्टरांनाही हेच स्पष्ट सांगा: नुसता पाय तपासू नका, हे काय काम करतात ते लक्षात घेऊन लिहा.

अर्ज नुकसानभरपाई आयुक्तांकडे करायचा. आपल्याकडे ते काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे मोफत वकील मिळतो. हे वाचणाऱ्या इतर घरांसाठी सांगून ठेवते: अपघात सुरतेला झाला असो की विजयवाड्याला, अर्ज आपण राहतो तिथे करता येतो. आणि ज्यांच्या पगारातून ई.एस.आय. (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो त्यांनी या वाटेनं जाऊ नये, त्यांचा हक्क ई.एस.आय.कडे आहे. चार गाड्यांच्या मालकाकडे सहसा ते नसतं, तरी पगाराची चिठ्ठी असली तर बघून घ्या.

त्याआधी शेठना एक लेखी सूचना जायला हवी. अवघड नाही, पोरांच्या वहीच्या कागदावर चालेल: 'मी आपल्याकडे अमुक नंबरच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून काम करतो. दि. १४ ऑगस्ट २०२५ रोजी सायंकाळी अक्कलकोट रोड येथे माल भरल्यावर ताडपत्री बांधत असताना दोर तुटून मी ट्रकवरून खाली पडलो. माझ्या डाव्या टाचेला व कंबरेला इजा झाली. तेव्हापासून मी कामावर येऊ शकत नाही. मला कायद्याप्रमाणे नुकसानभरपाई व उपचाराचा खर्च मिळावा.' खाली सही, तारीख. पोस्टानं पोचपावतीसह पाठवा, एक प्रत आपल्याकडे ठेवा. मुनीमाच्या हातात देऊ नका.

आता मिस्टरांच्या न बोलण्याबद्दल. तुमच्या पत्रातलं ते एकच वाक्य मी तीनदा वाचलं.

माझे वडील दहाचाकी चालवायचे, सोलापूर-हैदराबाद. तीस वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता आणि त्याचा त्यांना फार अभिमान. एका रात्री नळदुर्गच्या पुढे गाडी बाजूला घेतली, खांद्यावर टॉवेल टाकून नेहमीसारखी केबिनमधून उडी मारली, आणि अंधारात पाय चरीत गेला. मनगट मोडलं. घरी आल्यावर ते काय म्हणाले माहीत आहे? "अपघात नाही झाला, नुसता पडलो." दीड महिना प्लॅस्टर होतं, पगार शून्य होता, पण 'अपघात' हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. गाडी ठोकली तर अपघात, माणूस पडला तर लाज. मालकानं विचारलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही. मी तेव्हा बारावीत होते. पुढे कायदा शिकले तेव्हा कळलं की त्यांना मागता आलं असतं, पण तोवर मुदत कधीच टळून गेली होती.

तुमचे मिस्टर त्याच लाजेत असतील. "अकरा वर्षं गाडी चालवली आणि उभ्या गाडीवरून पडलो" हे त्यांना स्वतःलाच सहन होत नसेल. त्यांना माझ्यातर्फे सांगा की ट्रकवाल्यांच्या इजांमध्ये पडणं ही नेहमीची गोष्ट आहे. रस्त्यावरच्या अपघाताची बातमी होते, पंचनामा होतो. गाडीवरून पडलेल्याचं फक्त प्लॅस्टर होतं.

पुढच्या महिन्यात गाडीवर जायचं म्हणतात, तर ते हाडाच्या डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नको. टाचेचं हाड जुळलं तरी त्याच्या वरचा सांधा मोकळा व्हायला महिने जातात. सिव्हिल हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात व्यायाम शिकवतात, तिथे नेमानं न्या. अर्धवट बऱ्या पायानं क्लच दाबला आणि ऐन वेळी जोर पुरला नाही तर त्यात दुसऱ्याचाही जीव आहे. प्रकरणाच्या दृष्टीनंही ते वाईट: विमा कंपनी गाडी चालवतानाचा फोटो काढेल आणि म्हणेल, यांचं कुठे काय बिघडलंय.

पण एक दिवस ते परत जातील, चाळिशीतला माणूस घरी बसणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून जाण्याआधी काही गोष्टी पक्क्या करा. क्लीनरशिवाय ताडपत्री बांधायची नाही. दोर खेचायचा तो जमिनीवर उभं राहून. वर फक्त ताडपत्री पसरायला जायचं, आणि पसरताना कडेकडे पाठ कधीच करायची नाही. आवळायला पट्टा आणि त्याचा कसणारा हुक मिळतो, एकदाच खर्च होतो, तो शेठकडून मागून घ्या. जिथे भरतात तिथे शिडी मागा. फाळक्याच्या कडीवर पाय ठेवून चढणं बंद. वारा सुटला असेल तर ओली ताडपत्री शिडासारखी फुगते आणि माणसाला घेऊन जाते, तेव्हा थांबायचं, माल भिजला तर भिजू दे. चप्पल घालून वर जायचं नाही, पकड असलेला बूट हवा.

आणि केबिनमधून उडी नाही. तोंड गाडीकडे करून, शिडी उतरतो तसं उतरायचं. दोन हात आणि एक पाय, नाहीतर दोन पाय आणि एक हात, कायम टेकलेले. चार-पाच तास बसून पाय बधिर झालेले असतात, म्हणून दार उघडल्यावर मिनिटभर सीटवरच पाय हलवायचे, रात्री आधी बॅटरी मारून खाली काय आहे ते बघायचं. पायरीवर चिखल किंवा डिझेल असेल तर फडकं. उसाच्या हंगामात कारखान्याच्या रांगेत उभ्या गाड्यांवरून दोर सोडायला पोरं माकडासारखी वर चढतात, ती पाहून माझ्या पोटात गोळा येतो. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर त्यालाही सांगा.

अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे १४ ऑगस्ट २०२७ च्या आत. पण तिथवर थांबू नका. हमाल टोळीबरोबर फिरतात, आज अक्कलकोट रोडला असतील, उद्या मार्केट यार्डात, परवा गावाकडे. त्या संध्याकाळी खाली कोण कोण उभं होतं ते फक्त मिस्टरांना ठाऊक आहे. आज रात्री जेवणं झाली की वही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि एकेक नाव विचारून लिहून घ्या. आणि तो तुटलेला दोर अजून गाडीतच पडला असेल, तर कुणाला तरी पाठवून त्याचा फोटो काढून आणा, तुटलेल्या टोकाचा, अगदी जवळून.